लाहोरचे कॉर्नेलियस, अमरावतीचे मुधोळकर आणि आपली राज्यघटना

बारलायब्ररी (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात एका जमिनीच्या मॅटरसाठी जुना निकाल हवा होता. मोबाइलवर सगळं सापडतं हे मान्य, पण आमच्या कोर्टाच्या आवारात पावसाळ्यात रेंज नावापुरतीच असते. शिपायाकडून कपाटाची किल्ली घेतली आणि ए.आय.आर.चा (ऑल इंडिया रिपोर्टर, छापील निकालसंग्रह) १९६५चा सर्वोच्च न्यायालयाचा खंड खाली उतरवला. पाठीचं कातडं हाताला लागून पिठासारखं झडत होतं, उघडल्यावर दोन-चार कसरी पळाल्या. पान ८४५, सज्जनसिंग विरुद्ध राजस्थान राज्य.

कॉलेजात हा निकाल दोन ओळींत उरकला होता: जमीन सुधारणा कायद्यांना संरक्षण देणारी सतरावी घटनादुरुस्ती वैध ठरवली, पुढे १९६७च्या गोलकनाथ निकालाने फिरवलं, परीक्षेला पाच मार्क. त्यामुळे बहुमताचा गजेंद्रगडकरांचा निकाल सोडला तर पुढे काय आहे हे मी कधी बघितलंच नव्हतं. पुढे हिदायतुल्लांचं स्वतंत्र मत आहे, आणि सगळ्यात शेवटी ज. र. मुधोळकरांचं. दुरुस्ती वैध आहे हे दोघांना मान्य, पण मनात शंका आहे आणि ती त्यांनी लिहून ठेवली आहे. मुधोळकर विचारतात, घटनेच्या मूलभूत वैशिष्ट्यातच बदल केला तर ती नुसती दुरुस्ती म्हणायची, की घटनेचा तेवढा भाग नव्याने लिहिणं म्हणायचं? आणि या शंकेच्या आधाराला ते उतारा देतात तो पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाचा. सरन्यायाधीश कॉर्नेलियस.

तारीख बघा: ३० ऑक्टोबर १९६४. वर्षभराच्या आत दोन्ही देशांचे रणगाडे समोरासमोर येणार होते.

'मूलभूत चौकट' (संसदेला दुरुस्ती करूनही घटनेचा गाभा बदलता येत नाही, हे तत्त्व) म्हटलं की आपण १९७३चा केशवानंद खटला आणि त्यातले वकील पालखीवाला ही नावं घेतो. थोडं जास्त वाचलेले लोक डीट्रिश कॉनराड या जर्मन प्राध्यापकाचं नाव सांगतात. पण त्यांचं बनारसचं व्याख्यान फेब्रुवारी १९६५चं. मुधोळकरांचा परिच्छेद त्याच्या आधीचा, आणि कॉर्नेलियस यांचा निकाल १९६३चा. मला तरी असं वाटतं की या कल्पनेचं बी आपल्याकडे लाहोरहून आलं, आणि ते आपल्या अंगणात लावलं एका वऱ्हाडी माणसाने.

मग या कॉर्नेलियस यांच्या मागेच लागलो. जेवढं कळलं ते लिहितो.

आल्विन रॉबर्ट कॉर्नेलियस. जन्म १९०३, आग्रा. ख्रिश्चन कुटुंब. शिक्षण अलाहाबादला, नंतर केंब्रिजला. आय.सी.एस. होऊन पंजाबात आले आणि १९४६मध्ये लाहोर उच्च न्यायालयावर गेले. फाळणीत त्यांनी पाकिस्तान निवडला. आग्र्यात जन्मलेला ख्रिश्चन माणूस लाहोरला थांबतो आणि पुढे १९६० ते १९६८ अशी आठ वर्षं त्या देशाचा सरन्यायाधीश असतो, हे मला आधी माहीतच नव्हतं.

त्यांचं नाव झालं ते १९५५मध्ये. ही गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण पाकिस्तानचं पुढचं बरंचसं नशीब तिथे ठरलं.

२४ ऑक्टोबर १९५४. गव्हर्नर जनरल गुलाम मुहम्मद यांनी संविधान सभाच बरखास्त केली. सात वर्षं रखडलेली घटना अखेर हातातोंडाशी आली होती, आणि गव्हर्नर जनरलचे अधिकार कापायचं काम सभेने नुकतंच केलं होतं. सभेचे अध्यक्ष मौलवी तमीझुद्दीन खान, पूर्व बंगालचे. त्यांनी कराचीत सिंध चीफ कोर्टात रिट दाखल केली. पोलिसांनी वाटेत अडवू नये म्हणून बुरखा घालून रिक्षातून कोर्टात गेले असं सांगतात. चीफ कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. सरकार अपिलात फेडरल कोर्टात (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) गेलं. सरकारच्या बाजूने लंडनहून केनेथ डिप्लॉक आले. ब्रिटिश गेल्यावर सात वर्षांनी 'राणीच्या प्रतिनिधीला आमची सभा मोडता येते का' या वादासाठी ब्रिटिश वकील आणायचा!

सरन्यायाधीश मुनीर यांनी मूळ प्रश्नाला हातच घातला नाही. आपण ज्याला 'टेक्निकल ग्राउंडवर उडवणं' म्हणतो तेच केलं. उच्च न्यायालयांना रिट काढायचा अधिकार देणारं कलम २२३-अ संविधान सभेने केलं होतं, पण त्यावर गव्हर्नर जनरलची संमती नव्हती. म्हणून कलमच कायदा नाही, म्हणून रिट नाही, म्हणून चीफ कोर्टाचा निकाल रद्द. आता गंमत अशी की सात वर्षं संविधान सभेचे घटनात्मक कायदे अशा संमतीशिवायच चालले होते. सभेच्या अध्यक्षाची सही झाली की कायदा झाला, असंच सरकार धरून चाललं होतं आणि कोर्टंही.

चार विरुद्ध एक. तो एक म्हणजे कॉर्नेलियस. त्यांचं म्हणणं असं की संविधान सभा हे सार्वभौम मंडळ आहे, घटना करायला बसवलेलं. तिने केलेल्या घटनात्मक कायद्याला गव्हर्नर जनरलची संमती लागत नाही, कारण तो स्वतःच तिच्या कायद्याखाली आहे. नुसतं तत्त्व सांगून थांबले नाहीत, सात वर्षांची वहिवाट पुढे ठेवली. वहिवाटीचं महत्त्व आमच्यासारख्या दिवाणी कोर्टातल्या वकिलांना वेगळं सांगायला नको.

बहुमताच्या निकालाने एका झटक्यात डझनावारी कायदे लटकले. ते निस्तरायला सरकार पुन्हा त्याच कोर्टाच्या दारात आलं, आणि त्याच वर्षी मे महिन्यात मुनीर यांच्या कोर्टाने 'गरजेचा सिद्धांत' बाहेर काढला. एरवी जे बेकायदा ते गरजेपोटी कायदेशीर. पुढे तिथल्या लष्कराने हे हत्यार किती वेळा वापरलं ते सगळ्यांना माहीत आहे.

१९६३च्या निकालाबद्दल खाली प्रतिसादात लिहितो, कारण उद्याचं बोर्ड (सुनावणीच्या खटल्यांची यादी) काढायचं आहे.

---

निशिगंध

वाचतेय. लवकर लिहा.

---

वऱ्हाडी_ठेचा

आमच्या अमरावतीचे मुधोळकर हो! वडील रघुनाथ नरसिंह मुधोळकर म्हणजे १९१२च्या बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष. अमरावतीत मुधोळकर पेठ आहे, तिथून रोज जाणाऱ्या पोराला विचारा कोणते मुधोळकर, तर डोकं खाजवते.

आन एक सांगतो. हिदायतुल्लासुद्धा नागपूरचेच. मॉरिस कॉलेज, मग नागपूर उच्च न्यायालय. म्हणजे पाचांच्या पीठात शंका काढणारे दोघेही नागपूर हायकोर्टातून वर गेलेले. पुण्यामुंबईच्या लोकांनी नोंद घ्यावी. 😄

---

खडूस_पुणेकर

नोंद घेतली. बहुमताचा निकाल साताऱ्याच्या माणसाचा होता, त्याचीही आपण घ्यावी.

---

बारलायब्ररी

@वऱ्हाडी_ठेचा, 😄 अगदी.

तर १९६३. १९५८मध्ये अयूब खान आले आणि १९६२मध्ये त्यांनी स्वतःची राज्यघटना आणली. अध्यक्षीय पद्धत: मंत्री झालात तर असेंब्लीची जागा सोडायची. पूर्व पाकिस्तानातल्या काही निवडून आलेल्या पुढाऱ्यांना दोन्ही हवं होतं, आणि अयूबना ते पुढारी हवे होते. मग काय केलं? घटना लागू करताना येणाऱ्या 'अडचणी दूर करण्याचा' अधिकार अध्यक्षाला होता. तो वापरून एक आदेश काढला, की मंत्री झाले तरी जागा शाबूत.

ज्यांनी आपले राज्याचे कायदे वाचलेत त्यांना हे कलम ओळखीचं वाटेल. बऱ्याच कायद्यांच्या अगदी शेवटी ते असतं. 'या अधिनियमाची अंमलबजावणी करताना काही अडचण उद्भवल्यास शासनास आदेशाद्वारे...' वगैरे. कोणी वाचत नाही. अयूबनी त्या शेपटाने अख्खं जनावर फिरवायचा प्रयत्न केला.

त्या मंत्र्यांपैकी एक चितगावचे फझलुल कादर चौधरी. त्यांच्याविरुद्ध असेंब्लीचेच एक सदस्य अब्दुल हक ढाका उच्च न्यायालयात गेले. ढाक्याने आदेश रद्द केला, सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. कॉर्नेलियस यांच्या निकालाचा मतितार्थ असा: मताधिकार आणि शासनपद्धती ही घटनेची मूलभूत वैशिष्ट्यं आहेत. चार लोकांचा पाठिंबा मिळावा म्हणून ती सुरुवातीलाच बदलली, तर तुम्ही ही घटना अमलात आणत नाही, दुसरीच आणता.

मुधोळकरांनी उचललं ते हेच.

एक योगायोग. १९५४मध्ये ज्यांची सभा मोडली ते तमीझुद्दीन खान १९६२च्या नव्या असेंब्लीचे सभापती झाले होते. ऑगस्ट १९६३मध्ये ते वारले, आणि त्यांच्या जागी सभापती कोण झाले? हा खटला हरलेले फझलुल कादर चौधरी.

---

तिसरा_पंच

कायद्यातलं मला ओ की ठो कळत नाही, पण कॉर्नेलियस हे नाव क्रिकेटमधून माहीत होतं. पाकिस्तान क्रिकेट मंडळ उभं राहिलं तेव्हा सुरुवातीच्या कारभाऱ्यांत हे न्यायाधीश महाशय होते. 'ईगलेट्स' नावाचा तरुण खेळाडूंचा संघ काढून पोरांना इंग्लंडमध्ये खेळायला पाठवायची कल्पना त्यांचीच. तिथल्या ओल्या खेळपट्ट्यांची सवय व्हावी म्हणून. त्याचं फळ म्हणजे ऑगस्ट १९५४ची ओव्हल कसोटी. फझल महमूदच्या १२ विकेट्स, पाकिस्तान २४ धावांनी विजयी, आणि इंग्लंडच्या पहिल्याच दौऱ्यात मालिका बरोबरीत.

तुमची तारीख वाचून हिशेब केला. ओव्हल जिंकल्यावर दोन महिन्यांत त्यांची संविधान सभा गेली!

---

जुनाजाणता

धागा चांगला आहे, पण वकीलसाहेब जरा पुढे पळताहेत. दोन आक्षेप.

एक. फझलुल कादर खटल्यात घटनादुरुस्ती नव्हतीच. तो अध्यक्षाचा आदेश होता, म्हणजे घटनेखालचा अधिकार. घटनेने दिलेल्या तात्पुरत्या अधिकाराने घटनाच बदलता येत नाही, एवढंच ठरलं. संसदेने दोन तृतीयांश बहुमताने, रीतसर केलेल्या दुरुस्तीवर मर्यादा आहे का, हा पूर्णपणे वेगळा प्रश्न. तो मुधोळकरांनी विचारला, कॉर्नेलियसनी नाही. तेव्हा बी लाहोरचं म्हणण्यापेक्षा शब्द लाहोरचा, प्रश्न अमरावतीचा म्हणा.

दोन. तुम्ही १९५५वर थांबलात. १९५८चं काय? ७ ऑक्टोबरला मार्शल लॉ लागला, २७ ऑक्टोबरला डोसो खटल्यात मुनीर यांनी क्रांती यशस्वी झाली की तीच कायदा असा निकाल दिला. त्या पीठावर कॉर्नेलियस होते. आणि पुढे १९६९मध्ये याह्या खानने मार्शल लॉ लावला तेव्हा त्याचे कायदामंत्री कोण? हेच. मार्च १९७१मध्ये ढाक्यात मुजीबशी बोलणी चालली होती तेव्हा याह्याच्या सल्लागारांत हे होते. २५ मार्चच्या रात्री लष्कराने ढाक्यात काय केलं ते इथे सांगायची गरज नाही.

---

बारलायब्ररी

@जुनाजाणता, पहिला आक्षेप मान्य. 'शब्द लाहोरचा, प्रश्न अमरावतीचा' हे माझ्या वाक्यापेक्षा बरोबर आहे. फक्त एवढंच म्हणतो की 'ही तीच घटना राहिली का, की दुसरी झाली' ही कसोटी कॉर्नेलियसच्या वाक्यात आहे, आणि केशवानंदमध्ये न्यायमूर्ती खन्ना जिथे जाऊन पोचतात ते हेच: दुरुस्ती म्हणजे जुनी घटना दुरुस्त होऊन उरली पाहिजे.

डोसोबद्दल. ते पीठावर होते आणि निष्कर्षाला त्यांनी विरोध केला नाही, खरं आहे. पण घटना रद्द झाली म्हणून मूलभूत हक्कही संपले, हे त्यांनी मानलं नाही. काही हक्क माणसाचे मुळातले आहेत, घटनेने दिलेले नाहीत, असं वेगळं लिहिलं. निकाल लागला त्याच रात्री अयूबनी मार्शल लॉ लावणाऱ्या अध्यक्ष इस्कंदर मिर्झाला घालवलं. म्हणजे ज्याच्या क्रांतीला मुनीरनी सर्टिफिकेट दिलं, तो रात्रीपर्यंतही टिकला नाही.

याह्याचं मंत्रिपद... त्याचा बचाव माझ्याकडे नाही. शोधूनही सापडला नाही. १९५५मध्ये पूर्व बंगालच्या माणसाच्या बाजूने एकट्याने लिहिणारा न्यायाधीश १९७१मध्ये त्या बाजूला बसतो, हे मला पचलेलं नाही.

---

खडूस_पुणेकर

थोडक्यात काय, अल्पमताचा निकाल लिहिणं सोपं, खुर्ची नाकारणं अवघड.

---

निशिगंध

मधल्या काळाबद्दल कोणी लिहील का? सरन्यायाधीश म्हणून आठ वर्षं काय केलं? अयूबनेच नेमलेला माणूस ना?

---

बारलायब्ररी

हो, अयूबच्याच काळातली नेमणूक. आणि तरी १९६३चा निकाल अयूबच्या विरोधात, १९६४चा पण.

१९६४चा खटला जमात-ए-इस्लामीचा. सरकारने संघटना बेकायदा ठरवली, तिचे प्रमुख मौदूदींना आत टाकलं. वापरलेला कायदा कोणता? १९०८चा फौजदारी कायदा सुधारणा अधिनियम. बंगालच्या फाळणीनंतर क्रांतिकारकांच्या समित्या दडपायला इंग्रजांनी केलेला. टिळकांना मंडालेला पाठवलं ते वर्ष. हाच कायदा आपल्याकडे मद्रास सरकारने वापरला तेव्हा व्ही. जी. रो खटल्यात १९५२मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तो अडवला होता. कॉर्नेलियस यांच्या कोर्टानेही तेच केलं: संघटनेचं म्हणणं न ऐकता ती बेकायदा ठरवता येणार नाही. ज्या पक्षाला ख्रिश्चन सरन्यायाधीश नकोसा वाटला असता, त्या पक्षाला त्याच्याच कोर्टातून दिलासा मिळाला.

आणि १९६७चा मलिक गुलाम जिलानी खटला. प्रतिबंधक स्थानबद्धता. सरकार म्हणतं 'आमचं समाधान झालं आहे', कोर्टाने मागे सरायचं, ही १९४१च्या लिव्हर्सिज निकालाची इंग्लंडमधली युद्धकाळातली रीत. एकटे लॉर्ड अ‍ॅटकिन तिथे विरोधात होते. कॉर्नेलियस म्हणाले, ती रीत इथे चालणार नाही. वाजवी कारणं होती का हे कोर्ट स्वतः तपासणार.

या गुलाम जिलानींची मुलगी म्हणजे आस्मा जहांगीर. याह्याच्या राजवटीत वडिलांना पुन्हा अटक झाली तेव्हा अर्ज तिच्या नावाने झाला. त्या आस्मा जिलानी खटल्यात १९७२मध्ये डोसो उलटवला गेला आणि याह्याची सत्ता बेकायदा ठरली. ज्या सरकारात कॉर्नेलियस मंत्री होते तेच सरकार.

---

अनवट

अरे वा. आणि आपल्याकडे १९७६ला काय झालं? एडीएम जबलपूर, आणीबाणीतल्या स्थानबद्धांचा खटला. लिव्हर्सिजचा आधार घेऊन कोर्टाने हात वर केले. जे पाकिस्तानच्या कोर्टाने नऊ वर्षं आधी नाकारलं होतं. चार विरुद्ध एक, आणि तो एक म्हणजे ह. रा. खन्ना. जानेवारी १९७७मध्ये त्यांना डावलून बेग यांना सरन्यायाधीश केलं, खन्नांनी राजीनामा दिला.

बहुमतात आपले यशवंतराव चंद्रचूड होते हे विसरून चालणार नाही. केशवानंदमध्ये मूलभूत चौकटीच्या विरोधातही ते होते, पाळेकरही. मग १९८०मध्ये मिनर्व्हा मिल्सला सरन्यायाधीश म्हणून त्याच चौकटीच्या आधारे बेचाळिसाव्या दुरुस्तीचे तुकडे पाडले. जबलपूरचा निकाल २०१७मध्ये मुलाने, धनंजय चंद्रचूडांनी, रीतसर पुसला.

मूलभूत चौकटीचा पुढचा प्रवास पण बघा. बांगलादेशने १९८९मध्ये आठव्या दुरुस्तीच्या खटल्यात ती स्वीकारली. म्हणजे ढाक्यात सुरू झालेला खटला लाहोर, दिल्ली करत ढाक्याला परत. पाकिस्तानात मात्र अनेक वर्षं कोर्टांनी घटनादुरुस्तीला हात लावायला नकार दिला. २०१५मध्ये काही मर्यादा आहेत असं मान्य केलं, आणि त्याच निकालात लष्करी न्यायालयं वैध ठरवली. माहेरीच परकी.

---

खडूस_पुणेकर

+१. 'माहेरीच परकी' ढापतो.

---

कासवगती

सगळा धागा आत्ता एका दमात वाचला. लेखात एक गोष्ट राहिली. ते शरियतच्या बाजूने बोलायचे ना? ख्रिश्चन असून?

---

बारलायब्ररी

@कासवगती, हो. स्वतःला 'घटनात्मक मुसलमान' म्हणवत. त्यांचं म्हणणं असं, की इंग्रजांकडून आलेला कायदा लोकांच्या मनात रुजलेला नाही. लोकांना आपला वाटेल अशा नीतीच्या भाषेत हक्क सांगितले तरच ते राज्यकर्त्याविरुद्ध टिकतील. हेतू चांगला होता. पुढे लष्करशहा झियाने त्याच भाषेत काय केलं ते बघता मला हा त्यांचा सगळ्यात भाबडा विचार वाटतो. पण हे मी २०-२० हिंदसाइट का काय म्हणतात त्या चष्म्यातून बोलतोय.

राहणीबद्दल एकच सांगतो. स्वतःचं घर बांधलं नाही. लाहोरच्या फलेटीज हॉटेलात वर्षानुवर्षं राहिले. १९९१च्या डिसेंबरात लाहोरलाच गेले.

---

वऱ्हाडी_ठेचा

वकीलसाहेब, त्या मुधोळकरांच्या पानाचा फोटो टाकता का? पेठेतल्या पोरांना दाखवतो.

---

बारलायब्ररी

टाकतो सोमवारी. खंड इतका जीर्ण झालाय की सपाट उघडला तर शिवण जाईल, त्यामुळे अर्ध्या पानाचाच येईल. त्या उताऱ्याच्या बाजूला कोणीतरी पूर्वी पेन्सिलीने उभी रेघ मारलेली आहे, ती दिसेल.

---

जुनाजाणता

पुढचा धागा दोराब पटेलांवर काढा. पारशी न्यायाधीश, भुत्तोंच्या फाशीला विरोध करणाऱ्या तिघांपैकी एक, आणि १९८१मध्ये झियाची शपथ नाकारून घरी गेलेले. खुर्ची नाकारणाऱ्याचं उदाहरण पण येऊ द्या.

---

बारलायब्ररी

काढतो. दिवाळीच्या सुट्टीत. तोपर्यंत बोर्ड फार आहे.